काट्यावरचा इंजिनियर

तिसऱ्या मजल्यावर घर घ्यायचं ठरवलेल्या माणसानं आधी पोहायला का शिकावं? मी दादाला विचारलं, तर तो नुसता हसला. आईला विचारलं, तर ती म्हणाली, त्यालाच विचार. आता विचारायला तो नाही, आणि दुसऱ्या कुणाला ठाऊक नाही.

दादाच्या गोष्टींचं असंच आहे. एक सांगायला घेतली की मागं लाइन लागते, कळंबोलीच्या लोखंड बाजारात सकाळी वजनकाट्यासमोर ट्रकची लागते तशी. त्या काट्यावर दादा पावत्या फाडायचा. मी शेजारच्या गोदामात सळ्या उतरवायचो. तो बारावी, मी आठवीत शाळा सोडलेला. तरी बाजार त्याला इंजिनियर म्हणायचा. त्याचं कारण पुढं सांगतो.

पावतीपुस्तकाच्या मागच्या पुठ्ठ्यावर त्यानं चार गोष्टी लिहिल्या होत्या. पोहणं, पेटी, घर, धाकट्याची दहावी. वर लिहिलं होतं, 'तिशीच्या आत'. शेवटची वाचून माझं डोकं फिरलं. सगळ्यांसमोर मी तो पुठ्ठा टराटरा फाडला. दुसऱ्या दिवशी नव्या पुस्तकावर त्याच चार गोष्टी. फक्त दहावी एक नंबरवर आलेली.

'फाड,' दादा म्हणाला. 'अजून वीस पुस्तकं पडलीत.'

आम्ही तळवलीत भोईरकाकांच्या खोलीत भाड्यानं राहायचो. आई, दादा आणि मी. पोहायला शिकवलं ते काकांनीच, गावच्या तळ्यात. अठ्ठावीस वर्षांचा दादा पाठीला रिकामा डबा बांधून सात-आठ वर्षांच्या पोरांच्या रांगेत उभा राहायचा. पहिले पंधरा दिवस तो गळाभर पाण्याच्या पुढं गेला नाही. काका काठावरून सांगायचे, 'पान्याला घाबरू नको. पानी तुला अजून वलखत नाय.'

महिन्यानं ओळख झाली. एका रविवारी दादा इकडून उतरला तो थेट पलीकडच्या काठाला लागला. आम्ही टाळ्या पिटल्या. मग त्याच्या लक्षात आलं की कपडे आमच्याकडं आहेत, आणि परत पोहायचा दम त्याच्यात नाही. शेवटी भिजल्या हाफपँटीवर, पाठीला डबा, अशा थाटात तो भर गावातून चालत आला. तोंड लपवलं नाही. दारादारात बसलेल्या म्हाताऱ्यांना नमस्कार करत आला. 'कुठून आलात?' असं एकानं विचारलं, तर म्हणाला, 'पलीकडून.'

पेटी मात्र त्याला शेवटपर्यंत आली नाही. जुनी घेतली होती, दोन सूर मुके. काट्याच्या केबिनमध्ये तो तीच एक ओळ घासायचा. ट्रक चढला की पेटी थांबायची, पावती फाडली की परत सुरू. एकदा एक ड्रायव्हर रिकामा ट्रक घेऊन दुसऱ्यांदा काट्यावर चढला. दादानं विचारलं, आता कशाची पावती?

'पावती नको, भाऊ. तेवढा वेळ तुम्ही थांबता ना.'

दादाच सगळ्यात जास्त हसला. आणि ट्रक उतरल्यावर परत वाजवायला बसला.

मग सरकारी लॉटरीत त्याचा नंबर लागला. सानपाडा, तिसरा मजला, एक खोली आणि किचन. बिल्डिंग अजून पायातच होती. पण दादाला दम कुठला? त्यानं नकाशा आणला आणि बाजारामागच्या पार्किंगमध्ये टेप लावून, चुना टाकून, आख्खं घर जमिनीवर काढलं. खऱ्या मापाचं. भिंती, दार, मोरी, ओटा. इंजिनियर हे नाव पडलं ते त्या दिवशी.

जेवणाच्या सुट्टीत तो एकेकाला घर दाखवायचा. कुणी सरळ चुना ओलांडून आत आला की ओरडायचा, 'भिंतीतून काय येतोस? दारातून ये.' हमालसुद्धा वळसा घालून दारातून यायला लागले. एके सकाळी कुणीतरी ट्रक नेमका किचनमध्ये लावून गेला. दादा तासभर ड्रायव्हरला शोधत हिंडला. सापडल्यावर त्याला एवढंच म्हणाला, 'आईला चहा ठेवायचाय.'

आई खरंच आली होती एकदा. जन्मभर दाराआड, बोळात, मिळेल त्या कोपऱ्यात स्टो ठेवून तिनं स्वयंपाक केला. ती त्या चुन्याच्या ओट्यापाशी बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली, 'इथनं दारात कोण आलं ते दिसतं रे.' दादानं माझ्याकडं असं बघितलं, जसं काही बिल्डिंग पुरी झाली.

बिल्डिंग पुरी झाली, किल्लीही मिळाली. अक्षय्य तृतीयेला दूध उतू घालवायचं आणि राहायला जायचं ठरलं. दादानं पत्रिका छापल्या नाहीत. काट्यावर येईल त्याला पावतीबरोबर आमंत्रण. बलवंतसिंग म्हणून लांबच्या रूटचा एक ड्रायव्हर होता, दादाचा खास. तो लुधियानाला निघाला होता. काट्यावरून उतरता उतरता त्यानं शब्द दिला की कुठंही असलो तरी येणार.

तो गेला आणि चार दिवसांनी दादाला कावीळ झाली. आठ दिवसांत सगळं संपलं. तिशीला पाच महिने कमी होते.

तेराव्याला मामांनी सांगितलं, आता वर्षभर शुभकार्य नाही, खोली बंद ठेवा. आईनं मान हलवली. मीही हलवली. पण अक्षय्य तृतीयेच्या सकाळी मला राहवेना. बाकी सगळ्यांना कळलं होतं. बलवंतसिंग रस्त्यावर, त्याला कोण कळवणार? तो येऊन कुलूप बघून जाईल. दादाच्या दारातून माणूस परत जाईल. मी मुंडण केलेल्या डोक्यावर टोपी घातली, किल्ली घेतली आणि सानपाड्याला जाऊन दार उघडून बसलो.

अकराच्या सुमाराला तो आला. धुतलेला पांढरा कुर्ता, मिठाईचा पुडा, आईसाठी शाल. चपला बाहेर काढल्या आणि विचारलं, 'कहाँ है अपना इंजिनियर?'

सांगायचं ठरवून आलो होतो. पण तोंडातून निघालं, 'दूध लाने गया है.'

बलवंतसिंग हसत आत आला, ओट्यावरून हात फिरवला, खिडकी उघडून बघितली. मग वळला आणि त्याची नजर माझ्या टोपीवर गेली. कानाच्या वर कुठं केस नव्हते. तो खाली बसला. पुडा मांडीवर तसाच.

मग त्यानं डोळे पुसले. 'देर हो जाएगी उसको,' म्हणाला. 'तू चढ़ा दे.'

मी खाली जाऊन दूध आणलं. शेजारच्या वहिनींकडून स्टो आणि पातेलं मागून घेतलं. ओट्यावर स्टो पेटवला. बलवंतसिंग हात जोडून माझ्या मागं उभा राहिला. दूध वर आलं, काठावर थरथरलं आणि चारी बाजूंनी उतू गेलं.

मी स्टो बंद केला नाही.