चांदीतली थोरली

शिरूरच्या कॉलेजात मी जुन्या इंग्रजी भयकादंबऱ्या शिकवतो. त्यांत एक गढी असते, विधुर मालक असतो, भिंतीवर मेलेल्या बायकोचं चित्र असतं आणि त्या चित्राखाली जेवायला बसणारी नवी बायको. मुली निमूट उतरवून घेतात. यंदा एकीनं विचारलं, "सर, पण यात घाबरण्यासारखं काय आहे?" मला केडगावजवळचं चुलत्यांचं घर आठवलं.

त्यांची थोरली मुलगी काविळीनं गेली. मागे लहान मुलगा. धाकटीला थोरलीच्याच नवऱ्याला, दाजींना द्यायचं, हे दशक्रियेलाच ठरलं. घाटावर एक पुढारी श्रद्धांजलीचं भाषण करत होते, त्यामुळे सोयरिकीच्या बोलण्यांना भरपूर वेळ मिळाला.

धाकटी रांजणगावच्या कंपनीत कामाला होती. मला बाजूला घेऊन म्हणाली, "दादा, पोराला मी जन्मभर सांभाळीन. पन दाजींशी लगीन न्हाई करायचं मला. तुमी सांगा आप्पांना."

मी सांगितलं. चुलते शांतपणे म्हणाले, "तू पुस्तकं वाचतो, वाच. परकी बाई आणून लेकराचे हाल करू व्हय?"

चुलती म्हणाली, "पोरगं तिच्याच कुशीत झोपतंय. अर्धं लगीन झालंच की."

उरलेलं अर्धं महिन्याभरात झालं. कंपनी सुटली.

आमच्याकडे दुसरेपणावर दिलेल्या बाईच्या गळ्यात पहिलीचा टाक बांधतात, चांदीच्या पत्र्यावर उठवलेली बाईची आकृती. सोनाराकडे साचा एकच, त्यामुळे तालुक्यातल्या सगळ्या मेलेल्या बायका सारख्याच दिसतात. धाकटीनं टाक उलटसुलट करून पाहिला.

"ही ताई न्हाई."

"देवाची तरी तोंडं कुठं वळखू येत्यात?" चुलती म्हणाली आणि दोरा बांधला.

दिवाळीत मी दाजींच्या घरी गेलो, तेव्हा नव्या साडीची घडी पाटावर होती. नवं लुगडं आधी टाकाला दाखवायचं, मग नेसायचं, हा नेम. धाकटीनं टाकाला कुंकू लावलं, साडीचा पदर टेकवला.

"लहानपनी ताईचेच जुने कपडे मला यायचे," ती मला म्हणाली. "आताबी आधी तिचं, मग माझं."

मुलगा धावत आला. "मावशी, फटाके!"

दाजी ओसरीवरून ओरडले, "मावशी न्हाई. आई म्हण."

मुलानं तिच्या गळ्यातल्या टाकाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. तिनं घडी उचलली आणि साडी नेसायला आत गेली.