पक्कंताईंनी ओतून दिलेल्या बाटल्या

प्रयोगशाळेत सगळे त्यांना पक्कंताई म्हणायचे, अर्थात पाठीमागे. बाईंचं एकही वाक्य ‘पक्कं’ म्हटल्याशिवाय संपायचं नाही. आज लिफ्ट बंद पडणार, पक्कं. नवीन आलेली मुलगी महिन्याभरात नोकरी सोडणार, पक्कं. आता लिफ्ट अधूनमधून खरंच बंद पडायची, मुलीही नोकरी सोडायच्या, त्यामुळे बाईंचा आत्मविश्वास वर्षागणिक फुगतच गेला होता.

बाईंचं काम कॅन्सरच्या पेशी सांभाळायचं. चपट्या बाटल्यांत गुलाबी पाणी, त्यात पेशी, आणि बाटल्या उबेच्या कपाटात. खाऊपिऊ घालून लाडानं वाढवायच्या आणि मग त्यांच्यावर प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांचं औषध घालायचं. पेशी दुभंगली की तिच्या गुणसूत्रांची टोकं जराशी झिजतात, आणि फार झिजली की पेशीचा कारभार आटोपतो. कॅन्सरच्या बहुतेक पेशी मात्र टेलोमरेज नावाचं एक विकर, म्हणजे एन्झाइम, बाळगून असतात, आणि ते झिजलेली टोकं पुन्हा भरून काढतं. सरांचं औषध त्या टेलोमरेजचाच गळा आवळायचं. टेलोमरेज संपलं की कॅन्सर संपला, असं सर इतक्या वेळा म्हणायचे की शिपायालाही ते पाठ झालं होतं.

पेशी मरायच्याही, नाही असं नाही. पण एखाद्या बाटलीत काही आठवड्यांनी थोड्या पेशी पुन्हा डोकं वर काढायच्या. सर कपाळाला आठ्या घालून म्हणायचे, शेजारच्या बाटलीतलं काहीतरी पडलं असणार. बाई म्हणायच्या, भेसळ, पक्कं. मग वर ब्लीच ओतायचं आणि बाटली सिंकमध्ये रिकामी करायची. एवढ्या मोठ्या माणसाचं औषध पिऊन जी मरत नाही, त्या उद्धट पेशीला दुसरी काय शिक्षा देणार? इतक्या वर्षांत एकदाही कुणाला वाटलं नाही की तिला विचारावं, बाई गं, तू जगलीस कशी?

असं सगळं सुखात चाललं असताना ताईंच्या धाकट्या भावाच्या गुडघ्याच्या वर गाठ निघाली. हाडाचा कॅन्सर. भाऊ रंगारी, अर्धा दिवस जमिनीवर आणि अर्धा शिडीवर. हाडांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की आधी औषधं, मग ऑपरेशन. हाड काढून धातूचं बसवू, पण वेळ आली तर पायही काढावा लागेल, आणि उशीर केला तर रोग छातीत पोचेल. शेवटचं वाक्य भावानं ऐकलंच नाही. तो पायापाशीच अडकला होता.

ताईंनी ओळखीनं त्या गाठीचा तपासणीला काढून उरलेला तुकडा मागून आणला आणि स्वतः तपासला. टेलोमरेज नाही. पुन्हा तपासला, तरी नाही. बाईंना आनंदानं हुंदकाच फुटला. पेट्रोल नसलेली गाडी जाऊन जाऊन जाणार किती? त्या तशाच उठून भावाकडे गेल्या आणि म्हणाल्या, “काही दम नाही या आजारात. झिजून झिजून आपोआप संपणार. पक्कं.”

भाऊ एवढ्याचीच वाट पाहत होता. त्यानं हॉस्पिटलला कळवलं की सध्या कामाची गडबड आहे, आणि एका कार्यालयाचं छत रंगवायला घेतलं.

पेशंट का येत नाही म्हणून डॉक्टरीणबाईंनी ताईंना बोलावून घेतलं. ताई निकालाचा कागद घेऊनच गेल्या, म्हटलं चला, डॉक्टरांनाही चार गोष्टी शिकवू. डॉक्टरीणबाईंनी कागद वाचला आणि परत दिला. आवाज न चढवता त्या म्हणाल्या, “हाडांच्या गाठींत हे आम्ही नेहमी बघतो. वर्गात शिक्षक नसले की पोरं काय करतात, ताई? एकमेकांच्या पेपरवरून उतरवतात. या पेशी तेच करतात. एका गुणसूत्राचं टोक दुसऱ्याच्या टोकावरून उतरवून घ्यायचं. कुणाचं भलतंच लांब होतं, कुणाचं आखूड राहतं, पण वाढत राहतात. टेलोमरेजवाचून त्यांचं काही अडत नाही.”

ताईंच्या डोळ्यांपुढे सिंक आलं, ब्लीचचा वास आला, आणि एकामागून एक उलट्या केलेल्या त्या बाटल्या आल्या. सगळ्यांत नसेल, पण काहींत तरी हेच चाललं असणार. उत्तर वर्षानुवर्षं त्यांच्या हातात होतं आणि त्यांनी ते स्वतःच्या हातानं गटारात सोडलं होतं. पण त्याचं दुःख करायलाही आता सवड नव्हती. तिकडे भाऊ शिडीवर होता आणि गाठ वाढत होती.

कार्यालयाचा जिना चढताना त्यांनी मनात भाषण जुळवलं. प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘पक्कं’ येत होतं, आणि प्रत्येक वेळी त्या ते गिळत होत्या. भाऊ छताच्या कोपऱ्यात ब्रश मारत होता, दुखऱ्या पायाचा भार दुसऱ्यावर टाकून. ताईंनी डॉक्टरीणबाईंचं सगळं सांगितलं.

“पण तू तर पक्कं म्हणाली होतीस,” तो ब्रश न थांबवता म्हणाला.

“चुकलं माझं. मला यातलं कळत नाही रे. ज्यांना कळतं त्यांच्याकडे चल.”

ब्रश थांबला. भावानं खाली वाकून बहिणीकडे पाहिलं. परीक्षेत तो नापास का झाला, त्यानं कुणाशी लग्न करावं, कुठला रंग किती दिवसांनी उडेल, हे सगळं जन्मभर त्याच्याआधी हिला कळत आलं होतं.

“तुला कळत नाही?”

ताईंनी नकारार्थी मान हलवली.

“मग फारच वाईट आहे,” भाऊ म्हणाला. त्यानं ब्रश डब्यात ठेवला आणि दुखरा पाय चाचपत एकेक पायरी उतरायला लागला. ताईंनी दोन्ही हातांनी शिडी धरून ठेवली.