कापूर काढून शिवलेली पुरचुंडी

प्रिय रेवा आणि ईशान,

हे आत्ताच लिहायला घेतलं याला कारण तुमच्या सरोजआत्या. आजोबांच्या या थोरल्या बहिणीने परवा फॅमिली ग्रुपवर साडेसहा मिनिटांचा व्हॉइस मेसेज टाकला. तुम्ही ऐकलाच असेल. त्यात पांढरं लुगडं नेसलेली बाई आहे, पैंजण आहेत आणि म्हणे आमच्या स्वयंपाकघरात चंदनाचा वास सुटला होता! यातलं काहीही झालेलं नाही. मी तिथे होते. पैंजण कुणाच्याही पायात नव्हते. त्यावर रेवाने मला विचारलं, "आजी, हे खरं आहे का?" आता हो म्हटलं तरी खोटं आणि नाही म्हटलं तरी खोटं. म्हणून जेवढं घडलं तेवढंच लिहिते.

आधी एक सांगून ठेवते. माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता. मी चौतीस वर्षं कॉलेजात केमिस्ट्री शिकवली. लग्नानंतर या घरात आले तेव्हा देव्हाऱ्यातला विठ्ठल सोडला तर बाकी सगळं मी प्रश्न विचारूनच स्वीकारलं, आणि त्याबद्दल तुमच्या पणजीची, म्हणजे माझ्या सासूबाईंची, बोलणीही खाल्ली. आपलं घर पिढ्यान्‌पिढ्या शिवणकामाचं. मला मात्र आजही शर्टाचं बटण लावता येत नाही. "शिवणाऱ्यांच्या घरात सुई न धरणारी मास्तरीण आली," असं सासूबाई पाहुण्यांसमोर म्हणायच्या, आणि मी ऐकलंच नाही असं दाखवायची.

तर, ईशान. तू पाच वर्षांचा होतास. तुझे आईबाबा कॅनडात घर लावायला पुढे गेले होते. रेवा तेव्हा तान्ही, ती त्यांच्याबरोबर. तुला जानेवारीत आजोबा पोचवणार होते. नोव्हेंबरच्या शेवटी तुला न्यूमोनिया झाला. नऊ दिवस हॉस्पिटल. घरी आलास तेव्हा तुझ्या चड्डीला पिन लावावी लागत होती. हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी सांगितलं, "कोर्स पूर्ण झालाय, खोकला सावकाश जाईल. दोन आठवड्यांनी पुन्हा एक्स-रे काढू. छाती साफ नसली तर परत अ‍ॅडमिट करावं लागेल, आणि विमान विसरा." दुसऱ्याचं मूल आपल्या हातात असताना हे वाक्य कसं ऐकू येतं ते तुम्हाला मोठेपणी कळेल. तुझी आई रोज फोनवर एकच विचारायची, "आई, तो जेवला का?" आणि मी रोज "हो, थोडंसं" म्हणायची.

आयुर्वेदाची कल्पना आजोबांची. कुवेंपुनगरात आपल्या घरापासून दोन गल्ल्या सोडून शारदम्मा नावाच्या वैद्य बसत. डिग्रीवाल्या, शांत, कमी बोलणाऱ्या. मी आधी हॉस्पिटलच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "माझं औषध थांबवायचं नाही, आणि श्वास जोरात चालला तर ताबडतोब इथे आणायचं." मग आम्ही गेलो. शारदम्मांनी तुझी जीभ पाहिली, पाठीला कान लावला आणि कन्नडमध्ये एक कागद लिहून दिला. मुगाचं कढण, चूर्ण मधातून, रात्री छातीला कोमट तिळाचं तेल, दही-केळं बंद. दुपारी चार वाजता ओव्याच्या पुरचुंडीने छाती-पाठ शेकायची.

घरी येऊन मी माझ्या पद्धतीने त्याचा चार्ट केला. वेळ, औषध, प्रमाण, शेरा. मूळ कागद प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये मागे पांढरा पुठ्ठा घालून ठेवला, म्हणजे चुरगळायला नको. हा पुठ्ठा लक्षात ठेवा.

पुरचुंडी मी दुपारी दोनलाच करून ठेवायची, कारण ऐन वेळी धावपळ मला खपत नाही. ओवा भाजायचा, आजोबांच्या जुन्या पंच्याच्या तुकड्यात घालायचा, वर कापराच्या चार वड्या, तोंडाला रबरबँड. हे सगळं स्टीलच्या डब्यात. चारला मंद तव्यावर टेकवून गरम करायचं. पहिले तीन दिवस असंच केलं. माझ्या वहीत तिन्ही दिवशी शेरा आहे: "शेकल्यानंतर छातीत शीळ." वाचूनही माझ्या डोक्यात काही पेटलं नाही. वाटलं, कफ सुटतोय.

चौथ्या दिवशी चारला डबा उघडला तर पुरचुंडीचं तोंड शिवलेलं. रबरबँड बाजूला. आणि कापराच्या चारही वड्या उलट्या ठेवलेल्या झाकणावर एका ओळीत.

मला भीती वगैरे वाटली नाही. मला राग आला. घरात तेव्हा आम्ही चौघंच. कामवाली बाई बाराला निघून जाते. तू झोपलेला. आजोबा पेपर तोंडावर घेऊन आरामखुर्चीत. आणि सरोजआत्या! त्या पिरियापट्टणहून मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आल्या होत्या आणि चार दिवसांपासून काळा चष्मा लावून आमच्या हॉलमधून सगळ्या घराला सूचना देत होत्या.

"वन्सं, माझ्या डब्याला तुम्ही हात लावलात?"

"अय्यो! मला माझा हात दिसेना, तुझा डबा कुठनं दिसेल गं?"

"मग हे शिवलं कुणी?"

"काय शिवलंय? बघू." त्यांनी पुरचुंडी हातात घेतली, बोटाने तोंड दोनदा चाचपलं. मग म्हणाल्या, "साखळी टाका आहे. अम्माचा."

"अम्मांना जाऊन अकरा वर्षं झाली."

"ते मला गोत्तिल्ला, ठाऊक नाही. टाका कुणाचा ते विचारलंस, सांगितलं."

साखळी टाका म्हणजे धान्याच्या पोत्याला घालतात तो. टोक धरून ओढलं की सगळा एका दमात उसवतो. सासूबाई दोऱ्याला मेण लावायच्या आणि बोटभर टोक मोकळं सोडायच्या. इथेही बोटभर टोक होतं. दोऱ्याला मेणाचा वास होता. आमच्या घरात तेव्हा सुईदोरा म्हणजे प्रवासात मिळालेली एक पुडी, तीही न उघडलेली. मी तपासली. तशीच होती.

मी टोक ओढलं, टाका सर्रकन सुटला, कापूर परत आत घातला आणि तुला शेकलं. माझा चार्ट म्हणजे चार्ट.

पाचव्या दिवशी पुन्हा तेच. शिवलेलं तोंड, झाकणावर वड्या. या वेळी मी आजोबांना उठवलं. "हा काय पोरखेळ लावलाय तुम्ही भाऊ-बहिणींनी? पोराचा जीव आहे हा!"

आजोबांनी पुरचुंडी उलटसुलट करून पाहिली. "सुम्ने, उगाच ओरडू नको," म्हणाले. "निखिलच्या वेळचं आठवतं तुला?"

आठवत होतं. म्हणूनच जास्त संताप आला. तुमचे बाबा चार वर्षांचे असताना असेच खोकत होते. मी पुरचुंडीत कापूर घातला होता, सासूबाईंनी काढला. मी परत घातला, त्यांनी परत काढला. शेवटी तोंडच शिवून टाकलं आणि मला म्हणाल्या, "आता घाल बघू, मास्तरीणबाई. पोराचं नाक केवढं, तुझा कापूर केवढा!" मी आठ दिवस त्यांच्याशी बोलले नव्हते. या गोष्टीला तीसेक वर्षं झाली असतील, आणि मला अजून ती पाठ होती.

"योगायोग," मी आजोबांना म्हटलं.

"शिवण्यात कसला आलाय योगायोग?" ते म्हणाले. "एकदा कापूर न घालता शेकून बघ की. इरली, असू दे."

मी बघितलं नाही. मी सहा वड्या घातल्या. होय, सहा. ईशान, हे तुला आजवर सांगितलेलं नव्हतं.

त्या संध्याकाळी साडेपाचला तुला धाप लागली. बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात होती. आजोबांनी ऑटो आणली, मी तुला शालीत गुंडाळून मांडीवर घेतलं, आणि सिग्नलवर तू मला विचारलंस, "आजी, आपण परत तिकडेच चाललोय का?" हॉस्पिटलात नेब्युलायझर लावलं. डॉक्टरांनी विचारलं, "आज काही वेगळं केलं का?" मी म्हटलं, "नाही. सगळं चार्टप्रमाणे." चार्टमध्ये चार वड्या होत्या, हेही मला त्या क्षणी आठवलं नाही. तीन तासांनी घरी आलो. तुझ्या आईला त्या रात्री मी फोनवर काय सांगितलं ते तिलाच विचारा. मला लिहायची लाज वाटते.

सहाव्या दिवशी वन्संना डोळे दाखवायला जायचं होतं. आजोबा त्यांना घेऊन दीडला बाहेर पडले. मी दोनला पुरचुंडी केली. कापूर घातला, पुन्हा चार. कशाला घातला, असं मला तेव्हापासून सगळे विचारतात. कारण वहीत लिहिलेला होता, आणि वहीत लिहिलेलं मी बदलत नाही. डबा लोखंडी कपाटात ठेवला, कुलूप लावलं, किल्ली कमरेला खोचली आणि कपाटासमोर खुर्ची टाकून तपासायचे पेपर असल्यासारखी बसून राहिले. झोपले नाही. दोनदा तुला पाहायला उठले, तेही दारातूनच, आणि दारातून कपाट दिसतं.

चारला कुलूप उघडलं. डब्याचं झाकण उलटं, त्यावर चार वड्या.

पण या वेळचा टाका वेगळा होता. साखळी नव्हती. बारीक उलटी टीप, टाक्याला टाका भिडलेला, आणि वर तीन गाठी. ओढायला टोकच ठेवलं नव्हतं. ते पाहून माझ्या मनात पहिलं काय आलं सांगू? सासूबाईंचा संयम संपला! अकरा वर्षांनीसुद्धा या बाई माझ्याशी वाद घालतायत आणि मला उलट बोलायची सोय नाही.

कात्री शोधायला निघाले तेवढ्यात तू खोकत उठलास. कात्री सापडेना. शेवटी तशीच पुरचुंडी गरम केली आणि नुसत्या ओव्याने शेकलं. शीळ आली नाही. त्या रात्री तू सहा तास सलग झोपलास. मी मात्र वहीत शेरा काय लिहायचा याचा विचार करत बसले. लिहिलं: "कापराविना. शीळ नाही."

दुसऱ्या दिवशी शारदम्मांकडे गेले. पुरचुंडीचं काही बोलले नाही, फक्त चार्ट पुढे ठेवला. त्यांनी बोटाने एक-एक ओळ वाचली आणि बोट थांबलं.

"कापूर कुणी सांगितला?"

"पुरचुंडीत घालतातच की. सगळे घालतात."

"मी कागदाच्या मागे लिहिलं होतं, अल्वा अम्मा, हो ना? लहान मूल, छातीत शीळ असलेलं. कापूर बेडा, घालू नका, म्हणून खाली रेघ मारली होती."

मी तिथेच फोल्डर उघडलं, पुठ्ठा काढला आणि कागद उलटा केला. दोन ओळी होत्या. खाली रेघ होती. मी व्यवस्थितपणाच्या नादात कागदाची पाठच झाकून टाकली होती, आणि कापूर चार्टमध्ये माझ्या मनाने घातला होता.

त्यानंतर मी नुसत्या ओव्याची पुरचुंडी केली, दुसऱ्या कापडात, रबरबँड लावून. तिला कुणीही हात लावला नाही. आठवड्याभराने एक्स-रे साफ आला आणि ठरल्या तारखेला तू विमानात बसलास.

मी कारण शोधलं नाही असं समजू नका. वन्संच्या हातात मी सुई देऊन पाहिली. पाच मिनिटं दोरा ओवायचा प्रयत्न करून त्यांनी मला कन्नडमध्ये शिव्या दिल्या. आजोबा म्हणाले, कापूर उडून जातो ना गं? उडतो, पण उडून झाकणावर ओळीत बसत नाही. मीच झोपेत शिवलं असेल, असं निखिलने सुचवलं. त्याला म्हटलं, तुझ्या आईला जागेपणी बटण लावता येत नाही, ती झोपेत उलटी टीप घालेल? त्या सहाव्या दिवशी घरात मी आणि तू होतो, आणि किल्ली माझ्या कमरेला होती. मला स्पष्टीकरण सापडलं नाही, आजही नाही. म्हणून मी पैंजण वाजवणार नाही. सरोजआत्यांना हे वाचून दाखवा आणि तो मेसेज डिलीट करायला सांगा.

त्या सहाव्या दिवशीच्या चार वड्या मी एका डबीत ठेवल्या होत्या. डबीचं झाकण सैल होतं. पुढच्या उन्हाळ्यात त्या उडून गेल्या, त्यात काही नवल नाही, कापूर तसाच जातो. त्या दिवशीची शिवलेली पुरचुंडी लोखंडी कपाटाच्या दुसऱ्या कप्प्यात आहे. तिला अजून ओव्याचा वास येतो. कात्री मला त्याच संध्याकाळी सापडली होती, पण मी ती लावली नाही. आठ वर्षं झाली, एकही टाका उसवलेला नाही.