रुवैसच्या किनाऱ्यावरची गारपीट

आधीच सांगते, मी या कॉलममधले अनुभव चहाबरोबर वाचणारी बाई आहे. वाचायचे, नवऱ्याला वाचून दाखवायचे, दोघांनी हसायचं. माझं माहेर सांगलीचं. घरात देवधर्म होता, पण भुताखेताचं नाव काढलं की बाबा ओरडायचे. मीही तशीच वाढले. त्यामुळे हे लिहिताना मला आतून लाज वाटतेय... पण चार वर्षं झाली, कुठेतरी सांगायलाच हवं.

आम्ही दोह्यात राहतो, अल हिलालमध्ये. नवरा नितीन बांधकाम कंपनीत इंजिनिअर, मी एका ऑफिसात अकाउंट्स बघते. मुलगी इरा तेव्हा पहिलीत होती. इथल्या बहुतेक मुलांसारखीच – मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत. मला 'मम्मा' म्हणते. 'आई' म्हणून तिने कधी हाक मारल्याचं मला आठवत नाही.

फेब्रुवारी संपत आला होता. इथली थंडी जाता जाता एकदा तरी तमाशा करते – कधी धूळ, कधी धुकं, कधी दोन तासांत रस्ते बुडवणारा पाऊस. त्या शुक्रवारी आम्ही अल खोरला रशीदा आपांकडे जेवायला गेलो होतो. आपा मूळच्या रत्नागिरीच्या, मला धाकट्या बहिणीसारखं वागवतात. जेवण झाल्यावर त्या म्हणाल्या, "रुवैसला जावा, बंदरावर ताजा हामूर गावतो. येताना माझ्यासाठीपन आना."

मासे घेतले, आइसबॉक्समध्ये टाकले. परतताना नितीनला फोटो काढायची हुक्की आली. त्या किनाऱ्याला जुन्या कोळ्यांच्या ओसाड वस्त्या आहेत – छप्पर नसलेली दगडी घरं, नुसत्या भिंती आणि दाराच्या चौकटी. त्याने गाडी कच्च्या रस्त्यावर घातली आणि वस्तीपासून थोडी लांब उभी केली. इरा पेंगत होती म्हणून आम्ही दोघी गाडीतच थांबलो. "आलोच," म्हणून तो कॅमेरा घेऊन गेला. आसपास दुसरी गाडी नव्हती, माणूस नव्हतं. हे मी नीट बघितलं होतं, कारण बाईमाणूस एकटं असलं की बघतंच.

नितीन भिंतींच्या आड गेला असेल नसेल, समुद्राच्या बाजूने आभाळ पिवळं पडलं. पिवळं म्हणजे हळदीसारखं. मग वारा आला आणि धूळ. गाडी अक्षरशः हलायला लागली. मी नितीनला फोन लावला, तर रेंज गेलेली. धुळीतच पाऊस सुरू झाला आणि डाव्या बाजूच्या सगळ्या काचांवर चिखल बसला. आणि मग गारा.

सांगलीला उन्हाळ्यात गारा पडायच्या, आम्ही वाटीत वेचून खायचो. या तशा नव्हत्या. लिंबाएवढ्या, आणि वाऱ्याने आडव्या मारत होत्या. टपावर कोणी हातोडे घालावेत तसा आवाज. समोरच्या काचेतून दिसत होतं तेवढं वाळवंट बघता बघता पांढरं झालं. इरा जागी झाली आणि आधी खूश झाली – "मम्मा, इट्स स्नोइंग!" मग एक गार काचेवर अशी आदळली की ती किंचाळली. मी दोन सीटच्या मधून मागे गेले, तिला मांडीवर घेतलं, शाल लपेटली. दिवसाढवळ्या गाडीत रात्र झाल्यासारखा अंधार होता.

तेवढ्यात डाव्या दारावर टकटक झाली.

गारांचा आवाज वेगळा, हा वेगळा. बोटांच्या पेरांनी, थांबून थांबून. नितीनच असणार! मी लॉकला हात घातला... आणि बाहेरून आवाज आला –

"आई, दार उघड ना. मी भिजले."

इराचा आवाज. सर्दी झाल्यावर होतो तसा जरा जड, पण इराचाच. आई आहे मी तिची, मला चुकणार नाही.

इरा माझ्या मांडीवर होती.

माझा हात लॉकवर तसाच राहिला. इराने वर बघितलं आणि माझ्या हातावर आपला हात ठेवला. कुजबुजत म्हणाली, "मम्मा... दॅट्स मी. व्हाय इज दॅट मी?"

म्हणजे तिलाही ऐकू आलं होतं. पुढे मी स्वतःला हजारदा सांगितलं की भास असेल, पण इथे येऊन अडते. दोघींना एकच भास कसा होईल?

पुन्हा टकटक. "आई, फार थंडी आहे. उघड ना गं." स्वच्छ मराठी. 'घ', 'थ', 'ड' सगळं व्यवस्थित. त्या काचेतून काही दिसत नव्हतं, बाहेर चिखल, आत आमच्या श्वासाची वाफ. पण काचेचा खालचा भाग बाकीच्यापेक्षा काळा वाटत होता. कोणीतरी अगदी चिकटून उभं असावं तसा. मी अंगात असेल तेवढं बळ आणून विचारलं, "कोण आहे?"

थोडा वेळ नुसत्या गारा. मग ते म्हणालं, "मी इरा. आई, तुझ्या मांडीवर कोण बसलंय?"

ते ऐकलं आणि मी... मी इराची हनुवटी धरून तिचा चेहरा वर केला आणि बघितला. नीट बघितला. माझ्या स्वतःच्या मुलीचा. ती रडत होती, नाक वाहत होतं, भीतीने तिने चड्डी ओली केली होती. ते गरम माझ्या मांडीला लागलं तेव्हा मी भानावर आले. तिला छातीशी दाबलं, तिचे कान झाकले आणि मोठमोठ्याने रामरक्षा म्हणायला लागले. अर्धी विसरलेली, तेच तेच म्हणत होते. बाहेर ते बोलत राहिलं. आता आवाज चढला होता, रागाचा नाही, रडवेला. थंडीने कुडकुडणाऱ्या पोरीचा. खरं सांगते, भीतीपेक्षा तेच सहन होत नव्हतं.

मग पुढचं दार फाडकन उघडलं आणि मी जी किंचाळले...

नितीन होता. चिंब, आणि कपाळातून रक्त. आत पडल्या पडल्या तो माझ्यावर ओरडला, "वेडी झालीस का? इराला बाहेर कशाला सोडलंस?"

त्याने मागे वळून बघितलं, इरा माझ्या कुशीत होती. केसांवर पावसाचा एक थेंबही नाही. त्याचा चेहरा जसा बदलला तो मी विसरणार नाही.

तो एका घराच्या चौकटीखाली उभा होता. गारा कमी झाल्यावरच निघणार होता. पण मध्ये जरा उघडीप झाली तेव्हा त्याला गाडीच्या दाराला टेकून एक मूल उभं दिसलं. इराच, असं वाटून तो गारांतून पळत सुटला. जवळ येईपर्यंत पुन्हा काही दिसेना. दार उघडलं तर इरा आत, माझ्या कुशीत.

"गाडी काढ," मी म्हणाले. एवढंच.

अल खोरला पोचलो तेव्हा संध्याकाळची, मगरिबची अजान चालू होती. आपांनी दार उघडलं आणि मला बघून घाबरल्याच. "काय झाला गो? तोंड असा पांढरा कशाला पडला?" इराला आंघोळ घातली, नितीनचं कपाळ बांधलं, आम्हाला कडक चहा दिला, मग सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं त्यांना काही माहीत असेल, काही सांगतील. पण त्या एवढंच म्हणाल्या, "माका नको इचारू बाय. तू दार उघडलास नाय ना? मग बस झाला."

नितीनला मात्र दुसरीच काळजी. खरंच कुणाचं मूल तिथे राहिलं असेल तर? त्याने पोलिसांना फोन केला. त्यांनी गाडी पाठवली, सगळी वस्ती बघितली. रात्रीच्या जेवणाआधी परत फोन आला – "नोबडी देअर, सर. खलास." त्या भागातून कोणतंही मूल हरवल्याची तक्रार नव्हती.

मग नितीन गाडी बघायला बाहेर गेला आणि बराच वेळ आला नाही. मी गेले तर तो पार्किंगच्या दिव्याखाली नुसता उभा.

गाडीची डावी बाजू चिखलाने माखलेली होती, पत्र्यावर गारांचे पोचेच पोचे. फक्त मागच्या दारावर एक जागा स्वच्छ होती. चिखल नाही, एक पोचा नाही. वर काचेवर गोल, त्याखाली दोन्हीकडे उतरते खांदे, मग सरळ खालपर्यंत. काहीतरी तिथे उभं होतं, आणि त्याने तेवढ्या गारा स्वतःच्या अंगावर घेतल्या होत्या.

नितीन त्या जागेसमोर जाऊन उभा राहिला. डोक्याचा गोल त्याच्या शर्टाच्या दुसऱ्या बटणापर्यंत येत होता. "इरा एवढी नाहीये," तो म्हणाला. इरा तेव्हा त्याच्या पोटापर्यंत येत होती. "तिला बोलाव, बघू –" मी त्याला बोलणं पूर्ण करू दिलं नाही.

गाडी आम्ही विकली. स्पष्टीकरणं सगळी करून झाली. वाऱ्याचा आवाज, घाबरलेलं मन, चौकटीतून अंधुक दिसलेलं काहीतरी. एकेक धरलं तर पटतं, सगळं एकत्र धरलं की पटत नाही. इराशी आम्ही तो विषय काढत नाही. तीही काढत नाही.

आता हे आज का लिहितेय, तर गेल्या आठवड्यात नितीन साइटवरून आला आणि इरा पळत जाऊन त्याला बिलगली. तिचं डोकं त्याच्या दुसऱ्या बटणाला टेकलं. नितीनने तिच्या डोक्यावरून माझ्याकडे बघितलं.

आज दुपारपासून आभाळ भरून आलंय. मी हाफ डे टाकून इराला शाळेतून लवकर आणलं. ती आत्ता माझ्यासमोर बसून गणितं सोडवतेय, मी इथे टाइप करतेय. मघाशी दारावरची बेल वाजली. खालचा वॉचमन होता, पार्सल घेऊन आलेला. पण उठण्याआधी मी इरा जागेवर आहे का ते बघितलं... आणि मग, उगाचच, तिचा चेहराही.