शेवटच्या रांगेतला पेंटर

नाटकाची तालीम सुरू झाली की पेंटर उठायचे, सगळ्यांत मागे जाऊन जमिनीवर मांडी घालायचे आणि एक डोळा मिटायचे. मग ठरलेला प्रश्न. "वैनी, शेवटच्या माणसाक काय दिसता?"

ही सवय बाजारातही सुटत नसे. वांगं उचलून ते दोन पावलं मागे सरत आणि डोळा मिटत. भाजीवाली वैतागायची, "घ्यायचंय का त्याचं लगीन लावायचंय?"

माणूस कोकणातला. देहूरोडच्या लष्करी डेपोत खोकी ठोकायचा, पण ओळखत सगळे पेंटर म्हणूनच. पन्नास सालानंतर पिंपरीत आमच्या कारखान्याची वसाहत नवी होती. तिथे नाटक बसलं की देखावा त्यांचा, दिवे चिखलीच्या वायरमनचे आणि कपडे माझे. आम्हां तिघांना एक खोड होती. रंगीत तालमीपर्यंत आपलं काम कुणी कुणाला दाखवायचं नाही. प्रत्येकाला इतरांच्या तोंडून 'वा' ऐकायचं असे.

त्या वर्षीच्या नाटकातली बाई हिरवी साडी नेसून सासरी येते आणि शेवटी, मावळतीला, त्याच साडीत घर सोडून जाते. मी साडीला जरीचा काठ लावला. पेंटरांनी खोक्यांच्या पट्ट्यांवर गोणपाट ताणून भिंत उभी केली. तिला गडद हिरवा रंग दिला आणि वर पोपटी वेल काढला, पान न् पान वेगळं. मावळतीसाठी वायरमनने पुण्याहून तांबडा जिलेटीन कागद आणला.

प्रयोगाच्या दिवशी सकाळी प्रयोगाच्या शेडची दारं लावून, अंधार करून रंगीत तालीम झाली. मिठाच्या पाण्याची बरणी हा आमचा डिमर. वायरमन त्यात पत्रा जितका खाली सोडे, तितका दिवा चढे. तांबडा उजेड चढला आणि बाई नाहीशी झाली. त्या उजेडात हिरवं ते सगळं काळं. काळ्या भिंतीपुढे नुसतं एक तोंड आणि दोन हात तरंगत होते.

"भूत हाय का काय, राव?" वायरमन म्हणाला.

संध्याकाळी सारी वसाहत येणार होती. बाई जाताना दिसलीच नाही, तर नाटकात उरलं काय?

"साडी बदलते," मी म्हटलं.

"आली त्याच साडीत जाऊक होयी," पेंटर मागून म्हणाले. "कागद दुसरो?"

"न्हाई. आज पुन्यात दुकानं बी बंद हायेत."

पेंटरांनी बराच वेळ डोळा उघडला नाही. मग विचारलं, "वैनी, चुनो मिळात काय?"

"भिंतीला? अहो, महिनाभर खपलात त्या वेलावर!"

"तो मी बघितलंय. लोकांक बाई दिसाक होयी."

चुना त्यांनी स्वतः मारला. ब्रश कुणाच्या हाती दिला नाही.

संध्याकाळी पत्रा बरणीत उतरला आणि ती पांढरी भिंत पेटली. तिच्यापुढे बाई, काळीभोर. पदराची कड दिसत होती, गाठोड्याची गाठसुद्धा. ती उंबऱ्यावर थांबली. वायरमनने पत्रा वर ओढत नेला तशी भिंत तांब्यासारखी झाली, मग राखेसारखी, आणि बाई अंधारात मिसळून गेली. कुणी खोकलंदेखील नाही. मी विंगेत होते. साडीचा टाका न् टाका माझा, तरी ती मला ओळखता आली नाही.

मी मागे गेले. पेंटर मांडी घालून बसलेले होते. दोन्ही डोळे उघडे.

पुढे प्रत्येक नाटकाला आम्ही आधी तिघं एकत्र बसायचो. माझ्या कापडाचा तुकडा, त्यांची रंगवलेली फळी आणि वायरमनचा दिवा मधोमध. भांडणं खूप व्हायची, पण आधी.

डेपोतून निवृत्त होऊन पेंटर गावी गेले, आणि तिथेच वारले.

ती भिंत आता आमच्या बालवाडीत आडोशाला लावली आहे. मुलं नखांनी चुना खरवडतात आणि खालून वेल बाहेर येतो. शिक्षिका म्हणाल्या, पुन्हा चुना मारून घेऊ या. मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन जमिनीवर बसले आणि एक डोळा मिटला.

तिथूनही पानं दिसत होती. चुना नको म्हणून सांगितलं.