मावशींची रोपं आणि माझं छत

पैसे देऊनही माल मिळेलच याची खात्री नाही, असं नाशकातलं एकमेव दुकान आमच्या इमारतीच्या गच्चीवर आहे. ते माझ्या समोरच्या फ्लॅटमधल्या मावशींचं. मूळच्या कळवणकडच्या. टोमॅटो, मिरची, वांग्याची रोपं ट्रेमध्ये वाढवून विकतात. म्हणजे विकणं टाळता येईल तितकं टाळतात. भर दुपारी रोप देणं त्यांच्या लेखी पाप. एक गृहस्थ इंदिरानगरहून बारा वाजता गाडी घेऊन आले, तर "आत्ता उन्हात नेली तर माना टाकतील ती, सांजच्याला देते," म्हणून मावशींनी त्यांना पाचपर्यंत बसवून ठेवलं, चहा पाजला आणि मिरचीचं बी निवडायला लावलं. रोज सकाळी सहाला त्या प्रत्येक ट्रेवरून तळहात फिरवतात. "हात फिरला की रोप उंच पळत नाय, बुडात धट्टंकट्टं होतं." मला हे थोतांड वाटायचं.

माझी तक्रार निराळी होती. त्यांच्या झारीचं पाणी माझ्या छतातून पलंगावर ठिबकायचं. मी सोसायटीला रीतसर अर्ज दिला आणि वॉटरप्रूफिंगसाठी गच्ची महिनाभर रिकामी करायचं ठरलं. मावशींची गॅलरी कायम सावलीत. आठ दिवस ऊन चुकलं असतं तरी सगळी रोपं हातची गेली असती. त्या माझ्या दारात आल्या.

"गळतंय तर तोंडानं सांगायचं ना, भाऊ. कागद कशाला?"

मला लाज वाटली. त्या लाजेपोटी मी माझी पूर्वेची गॅलरी देऊ केली. तासाभरात वीस ट्रे आत आले.

मग रोज सहाला बेल. मावशी रोपांवरून हात फिरवत कळवणची लग्नं, भांडणं सांगायच्या आणि मी नुसतं 'हं' म्हणायचो. भाचीच्या लग्नाला त्या चार दिवस गेल्या, तेव्हा हात फिरवायचं काम माझ्याकडे आलं. कोणी बघत नाही ना, याची खात्री करून मी ते केलं. परतल्यावर त्यांनी रोपं निरखली. "जमलंय. पण लय घाबरत फिरवलाय हात."

महिना संपला, ट्रे वर गेले. छत आता ठणठणीत कोरडं आहे. सहाला जाग येते, बेल वाजत नाही, आणि गच्चीवर जायला काही निमित्त सापडत नाही. परवा जिन्यात ठेकेदार भेटला. हे काम किती वर्षं टिकेल, असं मी त्याला विचारलं.

"दहा वर्षं थेंब यायचा नाय, साहेब. बिनघोर झोपा."

दहा वर्षं फार झाली.