मागे बघायचं काम

डहाणूहून बोर्डीकडे जाणाऱ्या एसटीत माझा थांबा आला की मला ओरडता येत नाही. कंडक्टर लांब असतो, लोक असतात, आणि ‘थांबवा’ हा शब्द ओठांपर्यंत येऊन माघारी जातो. मग दुसरं कोणी ओरडेल त्या थांब्यावर मी उतरते आणि चिकूच्या वाड्यांच्या कडेने मागे चालत येते. घरच्यांना वाटतं, मला चालायची आवड आहे.

अशा मुलीला मामाने होडीत ओरडायच्या कामावर बसवलं. कारण होतं मामीचा घसा.

मामा-मामीची लहान होडी आहे, मागे मशीन लावलेली. त्यांच्या गावच्या खाडीच्या तोंडाशी पाण्याखाली वाळूचा उंचवटा आहे. समुद्राकडून आलेली लाट तिथे पोचली की उभी राहते आणि फुटते. आत शिरताना अशी लाट मागून अंगावर आली तर होडी आडवी होते आणि उलटते. मामा मशीनजवळ बसून पुढे बघत असतो. मागे वळायचं नाही, मान वळली की हातही वळतो, असं त्याचं म्हणणं. म्हणून पुढच्या टोकाला मामी त्याच्याकडे तोंड करून बसते आणि त्याच्या पाठीमागून येणाऱ्या लाटा ओरडून सांगते. पण आदल्या दिवशी वाढवणला बंदराविरुद्धच्या मोर्चात घोषणा देऊन तिचा आवाज पार गेला होता. आणि मी तर सुट्टी म्हणून, फोटो काढायला आले होते.

जाळं खाली कशात तरी अडकलं आणि निघायला उशीर झाला. भरती संपत आली होती. ओहोटी लागली की तोंडाशी लाटा आणखी उभ्या होतात, आणि मग परत पाणी चढेपर्यंत बाहेरच राहावं लागतं.

“बाय, आज मागे तू बघायचं,” मामा म्हणाला.

“मी हात वर केला तर चालेल?”

“मी तुझा हात बघू की पाणी?”

मामीचे दोन्ही हात वल्ह्यावर होते, मशीन बंद पडलंच तर म्हणून. ती माझ्याकडे वाकली आणि घोगऱ्या आवाजात म्हणाली, “मोठी दिसली की ‘सासू’ म्हणायचं. मधली आली तर ‘नणंद’. बारक्यांना काही बोलायचं नाही.”

“असं का?”

“घरात कधी उलट बोलले नाही. म्हणून इथे.”

मामाने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. बहुतेक वर्षानुवर्षं तो हेच करत असावा.

मी लाइफ जॅकेटचे पट्टे पुन्हा आवळले. मामाने होडी उंचवट्याच्या अलीकडे हळू धरून ठेवली. त्याच्या खांद्यामागे पाणी फुगायला लागलं.

“मामा,” मी म्हणाले, “मला वाटतं, बहुतेक सासूबाई येतायत.”

“काय?”

“सासूबाई.”

“मशीनच्या वर बोल. आणि बाई-बिई लावू नको, पाहुणचार नाही करायचा.”

तोवर ती लाट आमच्या खालून गेली. होडी वर गेली, खाली आली, माझं पोट वरच राहिलं. पुढे जाऊन ती उंचवट्यावर फुटली. तिच्यामागून आणखी मोठ्या आल्या. मामा थांबून होता. मी सांगत होते, आणि दर वेळी मामी मान हलवून ‘अजून मोठ्याने’ म्हणत होती.

मग एक मधली आली. “नणंद,” मी ओरडले. ती पुढे जाताच मामाने मशीन वाढवलं आणि तिच्या पाठीला लागला. तिला ओलांडायचं नाही, मागेही पडायचं नाही. दोन्ही बाजूंना पांढरं पाणी उकळत होतं. मामा फक्त समोर बघत होता. त्याच्या मागे काय आहे हे माझ्याशिवाय कोणीच बघत नव्हतं.

आणि त्याच्या डोक्याच्याही वर पाण्याची एक भिंत उठली.

“सासू! सासू! सासू!”

हा आवाज कुठून आला हे मला आजही सांगता येणार नाही. मामाने मशीनची मूठ पिळली. होडी पुढे सरकली, लाट आमच्या मागेच कोसळली आणि तिचा फेस मामाची पाठ भिजवून विरला. पुढे खाडीचं पाणी सपाट पडलं होतं.

माझं मात्र थांबेना. धक्क्यापर्यंत मी येईल त्या लाटेचं नातं सांगत राहिले.

“बास,” मामा म्हणाला. “ती बारकी आहे. तिला घाबरलीस तर लाज वाटेल तिला.”

धक्क्यावर टोपल्या घेऊन बायका उभ्या होत्या. एकीने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. “अजून लग्न नाही आणि सासूच्या नावाने एवढी बोंब?”

“सराव करतेय,” मामी घोगऱ्या आवाजात म्हणाली आणि डब्यातला सगळ्यात मोठा सरंगा मासा माझ्या पिशवीत टाकला.

संध्याकाळी त्या पिशवीसकट मी एसटीत बसले. माझा थांबा जवळ आला. या वेळी मी खरोखरच तोंड उघडलं, पण घशातून नुसती हवा आली.

पुढच्या थांब्यावर उतरले आणि चालत घरी आले.